आमची वाटचाल : पेट्रोलच्या कॅनकडून प्रोपेनच्या टाकीकडे

टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला प्लेनो, फ्रिस्को, मॅकिनी या पट्ट्यात आमची लॉन-देखभालीची फर्म आहे. अपार्टमेंटची आवारं, ऑफिस पार्क, शाळांची मैदानं अशी मोठ्या क्षेत्राची कामं आम्ही घेतो. इथलं गवत मुख्यतः बर्म्युडा. ते मार्चच्या सुमाराला हिरवं होतं, मे ते सप्टेंबर दर आठवड्याला कापावं लागतं आणि हिवाळ्याच्या तोंडावर पिवळं पडून झोपतं. आज आमचे सगळे मोठे झीरो-टर्न मोअर (जागच्या जागी वळणारी, गवत कापायची यंत्रं) पेट्रोलऐवजी प्रोपेन या सिलिंडरमधल्या गॅसवर चालतात. भेटणारा प्रत्येक जण आधी इंजिनबद्दल विचारतो, पण इंजिन हा यातला सोपा भाग. रोज पहाटे ट्रेलर निघताना भरलेले सिलिंडर तयार असणं ही खरी गोष्ट, आणि नफा-तोटाही तिथेच ठरतो.

पेट्रोलवर असताना खर्च फक्त पंपाच्या बिलात दिसत नव्हता. पाच जणांचा क्रू पंपावर वीस मिनिटं थांबला, की शंभर मिनिटांची मजुरी गेली. तापलेल्या इंजिनावर कॅनने भरताना सांडतं, सांडलेलं पेट्रोल ग्राहकाच्या हिरवळीवर पडलं की तिथे पिवळा डाग उठतो आणि तक्रार येते. कॅनमधलं किती मोअरमध्ये गेलं आणि किती दुसऱ्या कुठल्या गाडीत गेलं, याचा हिशेब लागत नाही. शिवाय इथल्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं. ते ओल धरतं, हिवाळाभर उभ्या राहिलेल्या मशीनच्या कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर बसतो आणि हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात जेट साफ करत बसावं लागतं. प्रोपेन बंद सिलिंडरमध्ये असतो, त्यामुळे सांडणं, उडून जाणं, शिळं होणं, काढून नेणं हे चारही प्रकार बंद होतात.

आता पैशाचा हिशेब, कारण विक्रेते तो अर्धाच सांगतात. एका गॅलन प्रोपेनमध्ये एका गॅलन पेट्रोलच्या साधारण ७३ टक्के ऊर्जा असते. म्हणजे पेट्रोल ३ डॉलर गॅलन असेल, तर प्रोपेन २ डॉलर २० सेंटच्या आत मिळाला पाहिजे, नाहीतर इंधनात काहीच वाचत नाही. दुसरं असं, की जुन्या कार्ब्युरेटरच्या पेट्रोल मशीनशी नव्या इंजेक्शनच्या (म्हणजे इंधन मोजून सोडणाऱ्या) प्रोपेन मशीनची तुलना करून मोठी बचत दाखवली जाते. त्यातला बराचसा भाग इंजेक्शनचा असतो, गॅसचा नव्हे. तुलना करायचीच तर पेट्रोल इंजेक्शनशी करावी. तशी केली तरी आमच्या कामात प्रोपेन परवडतो, पण फरक जाहिरातीतल्याएवढा नसतो.

सुरुवात आम्ही कन्व्हर्जन किटने, म्हणजे पेट्रोलचं इंजिन प्रोपेनवर चालवायच्या जोडसाहित्याने केली. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यातून उभी राहिलेली प्रोपेन एज्युकेशन अँड रिसर्च कौन्सिल ही उद्योगाचीच संस्था आहे. तिची मोअरसाठी प्रोत्साहन योजना होती : प्रोपेनच्या नव्या मशीनमागे १००० डॉलर, मान्यताप्राप्त कन्व्हर्जनमागे ५०० डॉलर, बदल्यात वापराची माहिती द्यायची. किट घेताना ते त्या इंजिन मॉडेलसाठी ईपीएने (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याने) प्रमाणित केलेलं आहे ना, हे आधी पाहावं. नसेल तर मशीन बेकायदा ठरते.

किटमध्ये फार काही नसतं. सिलिंडरचा पाळणा, होज (गॅसची नळी), फिल्टरसह लॉक-ऑफ व्हॉल्व्ह, रेग्युलेटर आणि कार्ब्युरेटरच्या जागी हवा आणि गॅस मिसळणारा मिक्सर. लॉक-ऑफ इंजिन फिरल्याशिवाय गॅस सोडत नाही. रेग्युलेटर सिलिंडरचा दाब जवळजवळ शून्यावर आणतो आणि इंजिन ओढेल तेवढाच गॅस देतो. बसवायला एका मेकॅनिकला अर्धा दिवस लागतो. पण मुळात हवेत मिसळणारा गॅस हवेचीच थोडी जागा खातो, त्यामुळे ताकद थोडी घटते, आणि पावसानंतरच्या दाट बर्म्युडात ऑपरेटरला ते लगेच जाणवतं. पुढे आम्ही कारखान्यातूनच प्रोपेनसाठी आलेली इंजिनं घेतली. कोहलर कंपनीच्या प्रोपेन इंजेक्शन इंजिनात एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर गॅस-हवेचं मिश्रण सतत जुळवत राहतो, मिक्सरसारखं स्क्रू पिळत बसावं लागत नाही. ज्या मशीनचं आयुष्य निम्म्याहून जास्त उरलं असेल तिलाच किट लावावं, असं आमचं मत झालं आहे. जुन्या मशीनवर किटचे पैसे फिटत नाहीत.

सिलिंडरबद्दल मात्र सावकाश सांगायला हवं. मोअरवर बहुधा ३३ पौंडी सिलिंडर असतो. त्यात साधारण ८ गॅलन, म्हणजे ३० लिटर द्रव मावतो. भारतातल्या घरगुती १४.२ किलोच्या टाकीएवढाच गॅस, फक्त हा आडवा झोपवलेला. २५ ते २७ अश्वशक्तीच्या मशीनला भर हंगामात एक सिलिंडर चार-साडेचार तास पुरतो. दोन बसवले की दिवस निघतो.

बाहेरून सारखे दिसणारे सिलिंडर आतून दोन प्रकारचे असतात. फोर्कलिफ्टचा सिलिंडर द्रव बाहेर देतो, मोअरचा बहुतेक वेळा वाफ. वाफेच्या रेग्युलेटरला द्रवाचा सिलिंडर जोडला, की रेग्युलेटरवर बर्फ धरतो, मिश्रण अति घट्ट होतं (हवेच्या मानाने गॅस जास्त), काळा धूर येतो आणि इंजिन बंद पडतं. म्हणून आमच्या सगळ्या वाफेच्या सिलिंडरांच्या गळ्याला पिवळा पट्टा आहे. गळ्याच्या कडीत एक भोक असतं आणि पाळण्यावर एक खुंटी. भोक खुंटीत बसलं तरच आतली नळी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वरच्या, वाफेच्या बाजूला राहतात. घाईत सिलिंडर थोडा फिरवून पट्टा आवळला, तर वाफेच्या जागी द्रव येतो. क्रूमधले बहुतेक लोक स्पॅनिश बोलणारे असल्यामुळे हे चित्रासकट स्पॅनिशमध्ये प्रत्येक ट्रेलरच्या दारावर चिकटवलं आहे.

गॅस पोचवण्याची पहिली व्यवस्था अदलाबदलीची होती. पुरवठादार आवारात जाळीचा पिंजरा ठेवतो, आठवड्याला येऊन रिकामे नेतो, भरलेले ठेवतो. गुंतवणूक शून्य, पण गॅलनमागे दर चढा. आणि एक लपलेला तोटा : पूर्ण न संपलेला सिलिंडर परत गेला तरी पैसे पूर्ण भरणीचे द्यावे लागतात. दोन-तीन मोअर असतील तर तरीही हेच बरं. मोअर वाढल्यावर आम्ही आवारात ५०० गॅलनची टाकी, पंप, मीटर आणि वजनकाटा बसवून घेतला. टाकी पुरवठादाराची, ठरावीक गॅलन वर्षाला घ्यायच्या करारावर. ५०० गॅलनची टाकी इमारतीपासून आणि हद्दीपासून १० फूट लांब लागते. त्याहून मोठी, २००० पर्यंतची घेतली तर २५ फूट. छोट्या आवारात हा १५ फुटांचा फरकच निर्णय करतो. शिवाय टाकी ८० टक्केच भरतात, तेव्हा ५०० म्हणजे हाती ४००.

टेक्सासमध्ये एलपी-गॅसचा (प्रोपेन त्यातच येतो) कारभार रेल्वे कमिशन हे राज्याचं खातं बघतं. नाव तसं असलं तरी २००५ पासून रेल्वेशी त्यांचा संबंध उरलेला नाही. त्यांच्या नियमांप्रमाणे प्रशिक्षण झालेल्या माणसानेच सिलिंडर भरायचा. सिलिंडर मोअरवरून काढून उभा करायचा. गळ्यावरची तारीख बघायची. नवा सिलिंडर १२ वर्षांनी फेरतपासणीला जातो, त्यानंतर डोळ्यांनी तपासून मंजूर केलेला दर ५ वर्षांनी. खोल पोचा, गंज किंवा वाकलेली कडी दिसली तर बाजूला. मग कातडी हातमोजे घालून होज जोडायची, पातळी दाखवणारा छोटा स्क्रू सैल करायचा आणि भरणी सुरू करायची. स्क्रूतून आधी न दिसणारी वाफ येते. पांढरं धुकं फुटलं की द्रव ८० टक्क्यांना पोचला, तिथेच थांबायचं. काटा हा दुसरा साक्षीदार, गळ्यावर कोरलेलं रिकामं वजन अधिक ३३ पौंड.

ही २० टक्के रिकामी जागा का लागते ते टेक्सासच्या उन्हात कळतं. द्रव प्रोपेन दर १० अंश फॅरनहाइटला साधारण दीड टक्का फुगतो. पहाटे ६० अंशांत भरलेला सिलिंडर दुपारी ११० अंशांच्या उन्हात ८० वरून ८६-८७ टक्क्यांवर जातो. तोंडोतोंड भरला असेल तर जागाच उरत नाही आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. तो ३७५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाला उघडतो. नीट भरलेल्या सिलिंडरमध्ये १०० अंशांना दाब जेमतेम पावणेदोनशे असतो.

वाहतुकीत एक आकडा पाठ असावा : ४४० पौंड. कामासाठी सोबत नेलेल्या अशा धोकादायक मालाला वाहतुकीच्या कागदपत्रांतून जी सूट आहे, तिची एकूण मर्यादा तेवढी. भरलेला स्टीलचा सिलिंडर ६० पौंडांच्या वर जातो, म्हणजे मोअरवरचे सोडून सहा-सात जादा न्यायचे, जास्त नाही. प्रवासात प्रत्येक सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असल्यामुळे बंद ट्रेलरमध्ये गळती झाली तर गॅस तळाशी साचतो. झरोके खाली, जमिनीलगत हवेत, छताला असून उपयोग नाही.

बिघाडांपैकी सगळ्यात जास्त वेळा फोन येतो तो सकाळी ‘सुरू होऊन लगेच बंद पडतंय’ म्हणून. कारण बहुधा व्हॉल्व्ह झटक्यात उघडलेला असतो. सिलिंडरमध्ये जादा प्रवाह रोखणारी झडप असते. तिला वाटतं होज फुटली, आणि ती बसते. व्हॉल्व्ह बंद करून थोडं थांबायचं, मग सावकाश पाव आटा उघडायचा, दाब सारखा झाला की पूर्ण. दुसरा फोन वासाचा. जोडणीतल्या ओ-रिंगला (गळती रोखणाऱ्या रबरी कडीला) चीर पडलेली असते किंवा ती जुन्या सिलिंडरला चिकटून गेलेली असते. जोडणी हातानेच आवळायची असते, पाना लावला की रिंग चिरते. प्रत्येक ट्रकमध्ये रिंगांची पुडी आणि साबणपाण्याची बाटली असते. त्यांना सगळं मिळून दोन डॉलर लागतात.

दुपारनंतर ताकद कमी होत गेली आणि सिलिंडरच्या खालच्या अंगाला दहिवर दिसलं, तर बिघाड नाही. वाफ होताना द्रव स्वतःची उष्णता खर्च करतो, गार पडतो, दाब घसरतो. तळाशी थोडाच द्रव उरला की हे लवकर होतं. सिलिंडर बदलायचा, गरम पाणी किंवा ज्योत कदापि नाही. मिक्सरच्या मशीनवर एअर फिल्टर तुंबला की ओढ वाढून गॅस जास्त येतो, मिश्रण घट्ट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. म्हणून वाळलेल्या गवताच्या दिवसांत फिल्टर रोज झटकतो. रेग्युलेटरमध्ये गॅसमधले जड तेलकट अंश साचून पडदा चिकटतो. हंगामात एकदा गरम असताना तळाचा प्लग काढून ते गाळून घेतलं की पुरतं. होज आणि फिल्टर त्याच वेळी बदलावेत.

प्रोपेनमध्ये ऑइल काळं पडत नाही, त्यामुळे ‘अजून चालेल’ म्हणण्याचा मोह होतो. रंगावर जाऊ नये. तासांच्या मीटरवर कारखान्याने दिलेला आकडाच पाळावा. गॅस कोरडा जळतो, जुन्या इंजिनच्या मऊ व्हॉल्व्ह-सीट (झडप जिथे टेकते त्या बैठका) झिजून आत बसतात, झडप नीट बंद व्हायला लागणारी टॅपेटची फट मिटते आणि कॉम्प्रेशन जातं. कडक सीट नसलेल्या इंजिनाला किट लावू नये याचं हे खरं कारण. स्पार्क प्लगची फटही पेट्रोलपेक्षा कमी ठेवावी, कारण गॅसला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं.

डॅलसला उन्हाळ्यात हवेतल्या ओझोन प्रदूषणाचे इशारे निघतात, तेव्हा काही ग्राहक कंत्राटात कमी धुराची यंत्रं मागतात. तिथे प्रोपेनचा उपयोग होतो. पण त्याला फार पुढे ताणू नये. कॅलिफोर्नियाने २०२४ पासून २५ अश्वशक्तीखालच्या बहुतेक नव्या छोट्या इंजिनांना शून्य उत्सर्जनाची अट घातली. त्यात प्रोपेनही बसत नाही, बॅटरीच लागते. घरांच्या छोट्या अंगणांसाठी आम्हीही बॅटरीचीच शिफारस करतो. एकरांनी कापायचं असेल तर अजून प्रोपेनच.

पुण्या-नाशिककडच्या ओळखीच्यांकडून विचारणा येते, की तिकडच्या गोल्फ मैदानावर हे जमेल का. तिथल्या एलपीजीमध्ये ब्यूटेनचा वाटा मोठा असतो आणि ब्यूटेन शून्याच्या आसपासच उकळतो, म्हणजे गार सकाळी वाफ कमी देणार. घरगुती टाकी दुसऱ्या कामाला लावणं कायद्यानेही बंद आहे, शिवाय ती उभी वापरायची टाकी आहे, हलणाऱ्या मशीनवर आडवी बांधायची नव्हे. इथलं किट उचलून तिकडे लावू नये.

हंगाम संपला की व्हॉल्व्ह बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, म्हणजे होज रिकामी होते. मग सिलिंडर काढून पिंजऱ्यात उभे आणि होजच्या तोंडाला टोपी, नाहीतर आत गांधीलमाशा घर करतात. पुढच्या वर्षाचा दर मात्र तेव्हा ठरवायचा नसतो. प्रोपेनची मुख्य मागणी हिवाळ्यात घरं गरम करायला असते. ह्यूस्टनजवळचं माँट बेल्व्ह्यू हे प्रोपेनचं मुख्य साठवण केंद्र, तिथला घाऊक भाव थंडीत चढतो, आणि २०१४ च्या जानेवारीत मिडवेस्टमध्ये (अमेरिकेच्या मध्य-उत्तर भागात) प्रोपेनचा भाव किती चढू शकतो हे सगळ्यांनी पाहिलं. आमचा खप नेमका उलट्या हंगामात, पुरवठादाराचे टँकर उन्हाळ्यात रिकामे उभे असतात तेव्हा. घासाघीस याच मुद्द्यावर करायची : जून-जुलैत, वर्षाचे गॅलन लिहून, माँट बेल्व्ह्यूच्या भावावर ठरावीक सेंट जादा अशा बोलीवर, आणि वरची मर्यादा कागदावर घेऊन.