तुमच्या आवडीचं एखादं द्या ना, ताई

तालुक्याच्या वाचनालयात देवघेवीच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईला हा प्रश्न चुकत नाही. पुस्तक परत करता करता विचारतात, बाजारात भाजी घेताना विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या काकूसुद्धा विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. माझ्या आवडीचं पुस्तक मी तुम्हाला सहसा देत नाही.

राग मानू नका. विचारणाऱ्याला माझी आवड जाणून घ्यायची नसते. कपाटासमोर मान वाकडी करून अर्धा तास पुस्तकांच्या पाठी वाचत उभं राहायचा कंटाळा असतो, आणि तो रास्तच आहे. ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम डॉ. रंगनाथनांनी 1931 मध्ये मांडले, त्यातला चौथा हाच: वाचकाचा वेळ वाचवा. म्हणून मी उलट विचारते, ‘मागच्या महिन्यात कुठलं पुस्तक अर्धवट परत केलंत?’

‘काय आवडतं?’ असं विचारलं की माणसं जे आवडायला हवं ते सांगतात. ‘मृत्युंजय’, ‘ययाती’, ‘स्वामी’. जरा जपून बोलणारे ‘कोसला’. न आवडलेल्याबद्दल मात्र खरं बोलतात. ‘नुसती वर्णनंच आहेत हो.’ ‘शेवटी सगळे मरतात.’ ‘तोच तोच उपदेश.’ आणि ज्येष्ठांचं ठरलेलं उत्तर, ‘अक्षर फार बारीक.’ या शेवटच्या तक्रारीला कुणी साहित्यिक कारण समजत नाही, पण आमच्याकडची कितीतरी पुस्तकं केवळ त्यामुळे परत येतात. दुपारी आडवं पडून वाचणाऱ्या आजोबांना जाडजूड कादंबरी छातीवर पेलवत नाही. त्यांना पुस्तक देताना लेखकाच्या आधी मी वजन बघते.

‘वेळच मिळत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी ‘बनगरवाडी’ आहे. पुस्तक हातात दिलं की आधी त्याची जाडी दिसते आणि चेहरा सैल होतो. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, एवढंच मी सांगते. दुष्काळाचं सांगत नाही. माडगूळकरांचं हे पुस्तक 1955 चं, पण वाक्यं इतकी आखूड आणि लख्ख की बँकेत रांगेत उभं राहूनही दोन पानं वाचून होतात. परत करायला येतात तेव्हा ‘यांचंच अजून आहे का?’ विचारतात. मग ‘माणदेशी माणसं’.

ऐतिहासिक कादंबऱ्यांचे वाचक वेगळेच. निवृत्त झालेले, पेशवाईत रमलेले, बरंचसं दोन-दोनदा वाचून झालेले. नवीन काय आलं म्हणून रोज चौकशी, आणि नवीन दिलं की ‘यात इतिहास कमी, डायलॉग जास्त.’ त्यांच्यासाठी मी गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ काढून ठेवते. ‘ही कादंबरी नाही,’ म्हणून नाक मुरडतात. तेव्हा एकच वाक्य: ‘झाशीला वेढा पडला तेव्हा हा माणूस आत होता.’ आमच्याकडचे एक काका ते ऐकून पुस्तक न उघडता सरळ सहीला पुढे आले. वरसईहून चार पैसे मिळवायला निघालेला भिक्षुक, नेमका 1857 च्या धामधुमीत सापडतो, लुटला जातो आणि गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन घरी परततो. चिं. वि. वैद्यांनी 1907 मध्ये ते छापलं. शंभराहून जास्त वर्षं झाली तरी त्यातली भीती शिळी झालेली नाही. त्या काकांनी आठवडाभर ते परत केलं नाही, आणि आल्यावर मलाच झाशीतले रस्ते समजावून सांगत बसले. मागे रांग लागली होती.

दुपारी चारच्या सुमारास बायका येतात. ‘हलकंफुलकं द्या, रडकं नको’ ही मागणी. इथे मी ‘स्मृतिचित्रे’ देते आणि दर वेळी तीच अडचण येते. जुनं आत्मचरित्र, लेखिका लक्ष्मीबाई टिळक, नवरा रेव्हरंड. कुणालाही वाटावं आता दोन-चारशे पानं त्यागच त्याग असणार. म्हणून मी सांगते, ‘नवरा-बायकोच्या भांडणांचं पुस्तक आहे.’ खोटं नाही ते. तापट, लहरी, हातात पैसा न टिकणारा नवरा आणि त्याच्यावर जीव असूनही त्याची एकही लहर न विसरलेली बायको! सोवळ्याचं वेड असलेल्या वडिलांचा भाग उघडून देते, तिथेच उभ्या उभ्या हसू फुटतं. नवऱ्याचं धर्मांतर, ताटातूट, सगळं पुढे येतंच. पण तोवर बाई त्या घरातली होऊन गेलेली असते.

मुलांना घेऊन येणाऱ्या आयांशी माझं थोडं वाकडं आहे. त्यांना ‘संस्कार होतील असं’ हवं असतं. पोराला काय हवं ते पोराच्या नजरेवरून कळतं. ती चित्रांच्या रॅककडे असते. मी आईसाठी एक तसलं संस्कारांचं देते आणि पोराच्या हातात ‘फास्टर फेणे’ कोंबते. फुरसुंगीच्या या पोराला भा. रा. भागवतांनी एकही उपदेश करायला लावलेला नाही, हा त्याचा मोठाच गुण. पुढच्या शनिवारी पोरगं एकटं येतं.

गेल्या वर्षी रस्त्याच्या कामावर आलेला एक तरुण इंजिनिअर सभासद झाला. खोलीवर एकटा राहायचा, मराठी पुस्तक शाळेनंतर हातात धरलेलं नव्हतं. त्याला प्रभाकर पेंढारकरांचं ‘रारंग ढांग’ दिलं. हिमालयात रस्ता बांधणाऱ्या तरुण इंजिनिअरचीच गोष्ट. अशी जोडी जुळवायला अक्कल लागत नाही, समोरच्याच्या बुटांवरचं डांबर दिसावं लागतं.

आता आमची एक आतली गोष्ट. वाचनालयात शिफारशीचे अधिकृत मार्ग पुष्कळ आहेत. फळ्यावर ‘हे वाचा’ लिहितो, पुरस्कार मिळालेल्या पुस्तकांचं टेबल मांडतो, थोरांच्या जयंतीला प्रदर्शन लावतो. लोक फळा वाचतात, फोटो काढतात आणि पुस्तक नेत नाहीत. नेतात कुठलं? जे काउंटरच्या कडेला परत आलेल्यांच्या ढिगात पडलेलं असतं ते. कपाटात जायच्या आधीच उचलतात. कुणीतरी ते वाचलंय, घरी नेऊन आणलंय, कडेला चहाचा डागसुद्धा पडलाय, याहून मोठी खात्री वाचकाला लागत नाही. मंडईत गर्दी असलेल्या गाड्यावरचीच भाजी घ्यावी तसं आहे ते.

हे लक्षात आल्यापासून मी सकाळी वाचनालय उघडलं की कपाटातून दोन-तीन पुस्तकं काढते आणि त्या ढिगात सरकवते. वर्षानुवर्षं न हललेली. मागच्या पानावरच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का कधीचा आहे ते बघायचं, धूळ पुसायची आणि मधोमध ठेवायचं. अगदी वर ठेवलं तर संशय येतो. रंगनाथनांचा तिसरा नियम आहे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. कपाटात उभं राहून तो मिळत नाही. आता संगणकावर नोंद होते, शिक्के मारणं जवळपास थांबलंय, तरी जुन्या चिठ्ठ्या मी फाडू देत नाही. दाटीवाटीनं मारलेले जांभळे शिक्के बघून नवखा वाचक स्वतःहून पुस्तक उचलतो. संगणकावर कोणी काय नेलं ते सगळं दिसतं, मात्र ते मी दुसऱ्याला सांगत नाही. ‘अमक्या वहिनींनी काय नेलं, तेच द्या’ म्हणणाऱ्यांनाही नाही.

माझं स्वतःचं आवडतं तुम्ही विचारणारच. विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’. 1939 ची छोटीशी कादंबरी. महायुद्ध तोंडावर आलंय, युरोपातून निघालेल्या बोटीवर एक मराठी तरुण आणि देशोधडीला लागलेली ज्यू मुलगी हॅर्टा भेटतात. हे मी काउंटरवर कुणाला सुचवत नाही. कारण सरळ आहे: दुसऱ्या दिवशी कुणी ‘ठीक आहे’ म्हणून परत ठेवलं तर त्या माणसाशी माझं वागणं बदलेल, आणि सभासदांशी तसं वागून चालत नाही. त्यापेक्षा ते ढिगात असू दे. कुणी नेलं तर नेलं, मी मान खाली घालून नोंद करते.

तर उद्या आलात की आधी अर्धवट टाकलेल्या पुस्तकाचं नाव सांगा, लाजू नका. चष्मा आणला असेल तर घाला. आणि सध्या ढिगात काय आहे विचाराल तर उद्धव शेळक्यांची ‘धग’ आहे, तळापासून तिसरी. तिच्यातलं वऱ्हाडी जड जाईल अशी तक्रार येते. पहिली पंधरा-वीस पानं मोठ्यानं वाचा, मग नायिका कौतिकचं बोलणं कानात बसतं. तरीही नाहीच जमलं तर परत आणा. उशीर झाला तर दंड दिवसाला एक रुपया, तेवढा सुट्टा आणा.