मेलाय कशावरून?

2007 च्या दिवाळीत हॉस्टेलवरून घरी आलो तेव्हा बॅगेत धुवायचे कपडे होते आणि मित्राची हार्ड डिस्क, आणि त्या डिस्कमध्ये 'लॉस्ट' या अमेरिकन सिरियलचे तीन सीझन. माझे एकदा बघून झाले होते, पण परत बघायचे होते, कारण यावेळी पुरावे शोधायचे होते.

आमच्या विंगमध्ये तेव्हा अभ्यास सोडून सगळ्यावर थिअऱ्या होत्या. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं विमान बेटावर पडतं, व्हीलचेअरवर बसून आलेला जॉन लॉक उठून चालायला लागतो, जंगलात पांढरं अस्वल निघतं, वर एक काळा धूर माणसं मारत फिरतोय, आता हे इंजिनीअरिंगची पोरं सोडतायत होय! त्यातून ते आकडे. 4, 8, 15, 16, 23, 42. बेरीज 108, आणि दर 108 मिनिटांनी भुयारातल्या कॉम्प्युटरवर तेच आकडे टाकून बटण दाबायचं. प्रयोग करणाऱ्या लोकांचं नाव धर्मा, आणि त्यांच्या ट्रेनिंगच्या फिल्ममधला डॉक्टर शेवटी चक्क नमस्ते म्हणतो. 108 म्हणजे जपमाळ, विषय संपला! तिकडे लोक लॉक, रूसो, ह्यूम ही तत्त्ववेत्त्यांची नावं घेऊन बसले होते, कुणी इथन रॉमची अक्षरं फिरवून त्यातून 'अदर मॅन' काढत होतं, आणि आम्ही कर्म, पुनर्जन्म आणि अर्धवट कळलेलं इलेक्ट्रोमॅग्नेटिझम एकत्र कालवत होतो.

तर कॉम्प्युटर हॉलमध्ये आणि हॉलमध्येच आई, मांडीवर ताट घेऊन चिवड्यासाठी खोबऱ्याचे काप करत बसलेली. इंग्रजी तिला फारसं कळायचं नाही, मधूनमधून मी सांगायचो. दुसऱ्या सीझनमध्ये जॅकचा, म्हणजे विमानातून वाचलेल्या डॉक्टरचा बाप दारू पिऊन सिडनीत एका बाईच्या दारात आरडाओरडा करतो की मला माझ्या मुलीला भेटायचंय. आईची सुरी थांबली. म्हणाली, "ही त्या बाळंतिणीच्या घरची. ती पोरगी आणि हा डॉक्टर भाऊबहीण आहेत बघ." बाळंतीण म्हणजे क्लेअर. मला पुढचं माहीत होतं, तिसऱ्या सीझनमध्ये ते उघड होतं, म्हणून मी गप्प बसलो, पण खरं सांगायचं तर पहिल्यांदा बघताना मी त्या सीनमध्ये मागच्या घराचा नंबर बघत होतो.

मग तिचा हुरूप वाढला. लॉकचे पाय कशाने गेले? "बापाने केलं असणार." बापानेच केलेलं, आठव्या मजल्याच्या खिडकीतून ढकलून. आणि त्याच विमानातल्या सॉयरच्या आईबापाचं वाटोळं करणारा ठग तोच बाप निघाला तेव्हा ती नुसती "हं" म्हणाली आणि काप करत राहिली. कशी ओळखतेस विचारलं तर म्हणे सिरियलमध्ये एवढी माणसं असली की कोण कुणाचं कोण लागतं ते आधी बघायचं, धूरबीर नंतर. आता तिची थिअरी फसलीही. जॅकचा मेलेला बाप सूट घालून जंगलात दिसतो, शवपेटी रिकामी, तेव्हा ती हटूनच बसली, मेलाय कशावरून, कुणी नीट तोंड बघितलंय का? अगं शवागारात दाखवला की. "दाखवतात तसं." तर तो खरंच मेलेला होता. पुढे लॉकला गळा आवळून मारला ते मी तिला फोनवर सांगितलं, त्याचं तिला मनापासून वाईट वाटलं, "अगो बाई, तो टकल्या?" तो शेवटी बेटाचा मालक होणार असं तिने धरून ठेवलेलं.

मे 2010 मध्ये सगळं संपलं तेव्हा मी नोकरीला लागलेलो. सगळे आधीच मेलेत ही थिअरी पहिल्यापासून होती आणि सिरियल करणारे पहिल्यापासून नाही म्हणत होते, आणि बेटावर घडलेलं सगळं खरंच घडलेलं होतं, मेल्यानंतरचं जग ते शेवटच्या सीझनमधलं दुसरं. पण शेवटच्या नावांबरोबर चॅनलने आपल्या मनानेच किनाऱ्यावरच्या विमानाच्या अवशेषांची दृश्यं लावली आणि निम्म्या लोकांना वाटलं बघा, आम्ही म्हणत नव्हतो! मी अजूनही कुणी असं म्हटलं की वाद घालतो, लग्नात, ट्रेनमध्ये, कुठेही.

आईचा प्रश्न वेगळाच होता. "तो पोरगा बापाबरोबर बोटीतून गेला त्याचं काय झालं?" वॉल्टवर आमच्या विंगमध्ये एक अख्खी रात्र गेली होती, त्याच्या शक्ती, पक्षी, काय काय. ती म्हणाली, "वाढला असेल रे. त्या वयाची पोरं भराभर उंच होतात, मग काढून टाकलं." आणि होतंही तसंच, पहिल्या सीझनमध्ये बेटावर जेमतेम दीड महिना जातो, आणि वॉल्ट झालेला पोर तोवर पडद्याबाहेर वाढतोय. नंतर डीव्हीडीवर बारा मिनिटांचा एक तुकडा आला, त्यात वॉल्टला न्यायला येतात, तोही सुट्टीत आईला दाखवला.

बघून म्हणाली, "केवढा झाला! आणि त्याचा कुत्रा?"