चायनाचे फोन का विकता, असं तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात विचारलंत, पतसंस्थेच्या वार्षिक सभेत विचारलंत, परवा तर तेराव्याच्या जेवणाला शेजारच्या पानावरून विचारलंत. "तुमच्यासारखा माणूस चायनाचे फोन कसा काय विकतो?" दरवेळी मी हसून विषय बदलतो. भात वाढणारा समोर उभा असताना याचं उत्तर देता येत नाही. आज देतो. लांबेल.

'तुमच्यासारखा' म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर कोण असतं ते मला माहीत आहे. कॉलेजात असताना विदेशी कंपन्यांच्या मालाविरुद्धच्या आझादी बचाओ आंदोलनाच्या सभांना सायकलवरून जाणारा, राजीव दीक्षितांच्या भाषणांच्या कॅसेटी गावभर वाटणारा, स्वदेशी-विदेशी मालाची यादी किराणा दुकानाच्या भिंतीवर चिकटवणारा मुलगा. आईची कोलगेटची ट्यूब त्याने उकिरड्यावर टाकली होती. दर १२ डिसेंबरला हुतात्मा बाबू गेनूंच्या फोटोला हार घालायचा. त्या मुलाला गावात अजून माझ्यापेक्षा जास्त मान आहे. माझी तक्रार नाही, पण त्याच्यावर दुकान चालवायची वेळ आली नव्हती एवढं लक्षात ठेवा.

आधी सोपं उत्तर. चायनाचा नाही असा फोन दाखवा, मी विकतो. खोक्यावर 'मेड इन इंडिया' असतं आणि ते खोटं नसतं. जुळणी नोएडाला होते, श्रीपेरुंबुदूरला होते. पण मी फोन उघडणारा माणूस आहे. हीट गनने मागचं पॅनल सैल केलं, स्क्रू काढले, की आत काय आहे ते दिसतं. स्वस्त फोनच्या स्क्रीनचं पॅनल बहुतेक वेळा चीनचं, बॅटरीतला सेल चीनचा, चार्जिंगची पट्टी चीनची. दुरुस्तीला लागणारा कॉम्बो, म्हणजे स्क्रीन आणि टच एकत्र, मी मुंबईच्या मनीष मार्केटमधून आणतो, तिथे तो शेन्झेनहून येतो. ज्या स्क्रू-ड्रायव्हरने फोन उघडतो तोही तिकडचाच. २०२० च्या पहिल्या तिमाहीत देशात विकल्या गेलेल्या दर शंभर स्मार्टफोनपैकी ८१ चिनी ब्रँडचे होते, असं काउंटरपॉइंट या संस्थेने तेव्हा सांगितलं होतं. पुढच्या तिमाहीच्या शेवटी गलवानला चिनी सैन्याशी झटापट झाली, एवढा गदारोळ होऊन त्या तिमाहीचा आकडा ७२ वर आला. तोही बराचसा लॉकडाउनमुळे माल अडकला म्हणून.

हे उत्तर मी दिलं की तुम्ही म्हणता, "म्हणजे तुमचा नाइलाज." नाही हो. नाइलाज म्हटलं की मी सुटलो आणि तुम्हीही सुटलात. मला ते नको आहे. चिनी कंपनीचा बोर्ड तिने मला फुकट लावून दिला आणि वर त्या जागेचं भाडं दिलं. ते मी घेतलं. दहा हजारांच्या फोनमागे तीन-चारशे रुपये सुटतात. खरी कमाई कव्हर, टफन (स्क्रीनवर चिकटवायची काच) आणि दुरुस्तीत. त्यात ते भाडं म्हणजे लाइटबिलाची सोय. एका भारतीय ब्रँडचे फोनही मी हौसेने ठेवले होते. त्याचं सर्व्हिस सेंटर जिल्ह्यात नव्हतं आणि पार्ट मागवला तर महिना-महिना यायचा नाही. गिऱ्हाईक कंपनीला शिव्या देत नाही, दुकानदाराला देतं. ठेवायचे बंद केले.

आता जून २०२०. यावरच तुम्ही खोदून खोदून विचारता, आणि अर्धवट व्हिडिओ पाहून विचारता.

१५ जूनच्या रात्री गलवानमध्ये आपले २० जवान गेले. दुसऱ्या दिवशी बातमी आली तेव्हा लॉकडाउननंतर दुकान उघडून फार दिवस झाले नव्हते. आमचा सातारा जिल्हा. घरटी नाही म्हणता येणार, पण गल्लीत एक तरी फौजी निघतोच, आणि अपशिंगे मिलिटरीसारखी गावं याच जिल्ह्यात आहेत. लोकांचा राग खोटा नव्हता. माझाही नव्हता. रामदास आठवल्यांनी चायनीज खाद्यपदार्थ विकणारी हॉटेलं बंद करा म्हटलं, त्यावर सगळे हसले. मी हसलो नाही, कारण हे आपल्या गल्लीपर्यंत येणार हे मला दिसत होतं. आमच्या मोबाइल रिटेलरांच्या संघटनेने कंपन्यांना पत्र लिहिलं होतं की बोर्ड झाकायची परवानगी द्या. शाओमीने तर आपले बोर्ड 'मेड इन इंडिया'च्या बॅनरखाली झाकलेही. मीही ताडपत्री आणून ठेवली होती.

ती बोर्डावर चढवायच्या आधीच सात-आठ पोरं आली. सगळी ओळखीची. पुढे होता त्याचा फोन माझ्याकडूनच हप्त्यावर नेलेला. चिनीच. (शूटिंगही चिनी फोनवरच चाललं होतं. हा विनोद सगळ्यांनी करून झालाय, त्याने काही सिद्ध होत नाही.) "काका, बोर्ड उतरवा." म्हटलं, संध्याकाळपर्यंत झाकतो. त्यावर ती जरा घुटमळली. रागाने आलेल्या माणसाला लगेच होकार मिळाला की पुढे काय करायचं ते सुचत नाही. मग त्यातला एक जण, माझ्या पुतण्याच्या वर्गातला, जवळजवळ लाजत म्हणाला, "काका, फोडायला काहीतरी द्या ना."

मी डमी दिला. काउंटरवर मांडायला कंपन्या पोकळ फोन देतात, स्क्रीनच्या जागी छापील स्टिकर आणि आत वजनाला लोखंडाची पट्टी. पोराने तो डोक्यावरून रस्त्यावर आपटला. डमीला काच नसते. तो टणकन उडाला आणि गटारीच्या कडेला जाऊन पडला. दुसऱ्यांदा आपटला, तरी कोपरा नुसता दबला. मग चपलेने, मग दगडाने. समोरच्या मेडिकलच्या पायरीवर उभे असलेले लोक हसले.

ते हसू पोरांना लागलं. आणि तेव्हा त्यांचं लक्ष आत गेलं.

माझा कारागीर दार्जिलिंगकडचा, घरी नेपाळी बोलणारा. लॉकडाउनमध्ये इथेच अडकला होता, दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपायचा. त्या वेळी तो मायक्रोस्कोपखाली चार्जिंग जॅक बदलत होता. तोंडावर मास्क, म्हणजे दिसत होते फक्त डोळे. पोरांनी तेवढेच पाहिले.

"हा कुठला? चायनाचा का?"

मी सांगितलं कुठला ते. कुणी ऐकलं नाही. "भारत माता की जय म्हण." तो म्हणाला. "मोठ्याने." तो मोठ्याने म्हणाला. "मास्क काढून म्हण, क्यामेऱ्यात बघून." त्याने मास्क हनुवटीखाली ओढला आणि म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला थोबाडीत बसली. कुणी मारली ते मी पाहिलं आहे. नाव सांगणार नाही. तुम्ही त्याला ओळखता.

कारागिराच्या हातात गरम हवेची गन होती. साडेतीनशे डिग्रीवर लावलेली. तो हात त्याने आधी सगळ्यांपासून लांब धरला. मग गन स्टँडला अडकवली, बटण बंद केलं, जॅक बसवायला घेतलेला फोन उलटा करून बाजूला ठेवला, आणि मग गालाला हात लावला. तोवर मी काउंटरवरून उडी मारून मध्ये पडलो होतो. ढकलाढकली झाली, काच फुटली. जमावबंदीची गाडी आली तशी पोरं पांगली, आणि गर्दी जमवली म्हणून दुकान बंद करायला मला सांगण्यात आलं.

गावात फिरलेल्या व्हिडिओत डमी फुटताना दिसतो. थोबाडीत दिसत नाही. तो तिथे कापला आहे. म्हणून तुम्ही मला म्हणता, "चांगलं केलंत, फोन फोडायला दिलात." आणि ज्यांना पुढचं माहीत आहे ते म्हणतात, "डमी देऊन तुम्ही त्यांची चेष्टा केलीत, खरा दिला असता तर त्या बिचाऱ्याला लागलं नसतं." हा हिशेब मला मान्य नाही. सात हजारांचा फोन म्हणजे एका थोबाडीतीची किंमत, असा भाव आपल्या गावात ठरला असेल तर तो मला आधी कळवायला हवा होता. रात्री मात्र, खरं सांगतो, हाच हिशेब मी केलेला आहे, अनेकदा.

आणखी एक. हे ऐकल्यावर लोक हमखास विचारतात, "दार्जिलिंगचा म्हणजे घरात कुणी गोरखा रेजिमेंटमध्ये असेल ना?" त्याच्या घरात फौजेत कोण आहे की नाही हे मी मुद्दाम सांगत नाही. असेल तर पोरांची चूक मोठी आणि नसेल तर लहान, असं थोडंच आहे?

तो अजून माझ्याकडेच आहे. तक्रार करायची का, विचारलं तर नको म्हणाला. त्यावर तो बोलत नाही, मी काढत नाही. म्हणून हे मी त्याच्या वतीने लिहीत नाहीये. स्वतःपुरतं लिहितोय.

त्यानंतर जुलै उजाडला, शाळा ऑनलाइन सुरू झाल्या. ऊसतोडीहून परतलेला बाप, धुणीभांडी करणारी आई, असे लोक रांगेत. "सहा-सात हजारात बसेल असा द्या, पोरीचे तास बुडतायत." त्या किमतीत जे होतं त्यातलं बहुतेक चिनी होतं. काहींनी विचारलंही, "चायनाचा नाही ना?" मी खरं सांगितलं. त्यांनी थोडा वेळ हातात धरून बघितला आणि घेतला. त्या बापाला काय सांगायला हवं होतं मी? पोरीला वर्षभर घरी बसव, देशासाठी?

इथे तो कॉलेजातला मुलगा मध्ये बोलतोच. म्हणतो, "पोरीला पुढे करू नकोस. तुझ्या बोर्डाच्या भाड्याचं बोल. बाबू गेनू मुळात गिरणीकामगार होता, त्याच्याही पोटाचा प्रश्न होताच की. १९३० साली परदेशी कापडाच्या ट्रकसमोर काळबादेवीला आडवा झाला, तेव्हा त्याने परवडतं का ते पाहिलं नाही." मी त्याला म्हणतो, बाबू गेनू ट्रकसमोर स्वतः आडवा झाला, दुसऱ्या कुणाला आडवं पाडलं नाही. तो म्हणतो, "हे बरोबर. पण तू दोन्हीपैकी काहीच केलं नाहीस." यावर माझ्याकडे उत्तर आहे, पण ते दरवेळी वेगळं असतं, त्यामुळे ते उत्तर आहे की नाही याची शंका येते.

मग मी त्याला सरकारचं सांगतो. गलवान झालं त्याच १५ जूनला आपल्या राज्याने तीन चिनी कंपन्यांशी पाच हजार कोटींच्या वर रकमेचे करार केले होते. तळेगावच्या कारखान्यात मोटारी बनवायला त्यातली ग्रेट वॉल येणार होती. आठवड्याभरात ते थांबवले, पुढे ती कंपनी गेली, आणि तळेगावचा तो कारखाना ह्युंदाईने घेतला. केंद्राने टिकटॉकसकट ५९ अ‍ॅप बंद केली. आयपीएलवरून विवोचं नाव २०२० ला उतरलं, २०२१ ला परत चढलं. आणि चीनमधून होणारी आयात २०२०-२१ ला ६५ अब्ज डॉलर होती ती २०२४-२५ ला ११३ अब्जांवर गेली. ज्यांच्या सहीने जहाजं येतात त्यांना कुणी तेराव्याच्या पंगतीत विचारत नाही. माझं दुकान रस्त्यावर आहे, म्हणून मला विचारतात. तो मुलगा म्हणतो, "वरच्यांनी केलं नाही म्हणून खालच्यांनीही करायचं नाही, हा तर आळशी माणसाचा युक्तिवाद." असेल.

मे २०२५ मध्ये मी पुन्हा ताडपत्री काढून ठेवली होती. पाकिस्तानबरोबरचे ते चार दिवस. दुकानात गिऱ्हाइकं कमी आणि फोन पुढे करून "हे बघितलं का" म्हणणारे जास्त. कराची बंदर उडालं म्हणून एकाने जो व्हिडिओ दाखवला तो गेममधला होता. माझ्या भाच्याने तो गेम ओळखला. म्हटलं, कळलेलं बरं, म्हणून सांगितलं, तर मलाच विचारलं गेलं, "तुम्ही कुणाच्या बाजूने?" लढाई थांबल्यावर पुण्याच्या मार्केट यार्डात तुर्कस्तानच्या सफरचंदांवर बहिष्कार पडला, कारण तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली. पाकिस्तानची बरीचशी विमानं चिनी होती. पाकिस्तान बाहेरून जी शस्त्रं घेतो त्यातली ८१ टक्के चीनची, हे स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेचे २०२० ते २०२४ चे आकडे आहेत. माझ्या दुकानावर मात्र कुणी आलं नाही. ताडपत्री तशीच घडी घालून ठेवली.

मला बरं वाटलं का? वाटलं. काच वाचली. आणि त्याच वेळी त्या मुलासारखंच मलाही वाटलं की हे असंच असेल, जे सोडायला सोपं तेच आपण सोडतो, तर २०२० ला माझ्या दारात जे आलं होतं ते नेमकं काय होतं? राग होता म्हणावं तर तो पाच वर्षांत कुठे गेला? आणि नव्हता म्हणावं तर मीच लिहून बसलोय, लोकांचा राग खोटा नव्हता. मला हे जुळवता येत नाही.

त्यातला एक पोरगा, ज्याने डमी दगडाने फोडला तो, गेल्या दिवाळीत आला. बायकोसाठी फोन बघायला. दीड तास बसला, सगळे बघितले, कॅमेरा, बॅटरी, हप्ता. चायनाचा आहे का, हे विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. कारागिरानेच टफन लावून दिला. पैसे ऑनलाइन आले, तेव्हा रेंज नव्हती म्हणून तिघेही दारात उभे राहून मेसेजची वाट बघत होतो.

तर विचारत जा, हरकत नाही. फक्त दुकानात येऊन विचारा, आणि दुपारी या. संध्याकाळी गर्दी असते.