देशपांड्यांची चार पाने

१९७८ साली मी आठवीत होतो, तेव्हा आपल्या शाळेचे ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतील एक सागवानी कपाट होते. पुस्तकांची नोंदवही लेखकांच्या आडनावांप्रमाणे लावलेली होती आणि ‘देशपांडे’ या एकाच मथळ्याखाली सर्व देशपांडे दाटीवाटीने बसले होते. रेडिओवर पु. लं.चे नाव ऐकलेले असल्याने दिवाळीच्या सुट्टीसाठी मला ‘व्यक्ती आणि वल्ली’ हवे होते. वहीत ‘देशपांडे, पु.’ एवढेच दिसले आणि त्या क्रमांकाचे पुस्तक मी न पाहताच पिशवीत टाकले. वेचणी नुकतीच सुरू झाली होती. छपरीतल्या कापसाच्या गंजीवर बसून पुस्तक उघडले, तेव्हा ते पु. य. देशपांडे यांचे ‘अनामिकाची चिंतनिका’ निघाले. तत्त्वचिंतनाचा तो ग्रंथ मी पहिल्या दहा पानांपर्यंत तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा तिथेच अडलो.

शाळा उघडल्यावर मी आमच्या मराठीच्या सरांना हे सांगितले. सरांनी पुस्तक परत घेतले नाही. कपाटातून ‘व्यक्ती आणि वल्ली’ही काढून ते त्याच्या शेजारी ठेवले. दोघेही पुरुषोत्तम, दोघेही देशपांडे आणि दोघांच्याही या पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार, पु. यं.ना १९६२ साली आणि पु. लं.ना १९६५ साली. एक आपल्या विदर्भातले, दुसरे मुंबईचे. अख्खा महाराष्ट्र ‘पु.’ म्हटले की दुसऱ्यांनाच ओळखतो, याची सरांना खंत होती, आणि ती आज माझीही आहे.

मग सरांनी आडनावाचा अर्थ समजावला. परगण्याचा वसूल पाहणारा तो देशमुख आणि त्या वसुलाचे दप्तर सांभाळणारा तो देशपांडे; परगणे अनेक, म्हणून देशपांडेही अनेक, त्यांचे आपसात नाते असलेच पाहिजे असे नाही. हे मला चटकन उमगले, कारण शेगावच्या महाराजांवरील श्रद्धेमुळे आमच्या एका वर्गात तीन गजानन होते आणि त्यांतला मी एक होतो. सर आम्हाला हजेरीत वडिलांच्या नावासह पुकारत. एकाची हाक दुसऱ्याने घेतलेली त्यांना चालत नसे.

त्या आठवड्यात मधल्या सुट्टीत बसून मी नोंदवही नव्याने लिहिली. देशपांड्यांना चार पाने लागली. पु. ल. आणि पु. य. सोपे होते. तिसरे पान आत्माराम रावजी देशपांडे यांचे, म्हणजे मूर्तिजापूरला जन्मलेले कवी ‘अनिल’, ज्यांचा ‘फुलवात’ हा संग्रह १९३२ सालचा आणि ज्यांच्या ‘दशपदी’ला आदल्याच वर्षी, १९७७ साली, अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. मूर्तिजापूरच्या स्टेशनावर आम्ही कितीदा गाडी बदलली असेल, पण ते एका कवीचे गाव आहे हे मला त्या दिवशी कळले. चौथे पान त्यांच्या पत्नी कुसुमावती देशपांडे यांचे. त्या नागपूरला इंग्रजी शिकवत, कथा आणि समीक्षा लिहीत, आणि १९६१ साली ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री, आणि अनिलांनी ते पद मालवणला १९५८ सालीच भूषवलेले. सरांनी हे सांगितले तेव्हा माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलींनी वहीत डोकावून ते पान पाहिले.

अडचण आली ती ‘कुसुमानिल’पाशी. दोघांनी लग्नापूर्वी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांचे ते पुस्तक; दौत उघडी ठेवून मी विचारले, “सर, हे कुणाच्या पानावर लिहू?” सरांनी चष्मा काढून पुसला, थोडा वेळ कपाटाकडे पाहिले आणि म्हणाले, “दोन्ही पानांवर लिही बेटा. क्रमांक एकच घाल.”