‘निकाल कधी लागणार?’

जाहिरात संध्याकाळी लाइव्ह जायची होती आणि माझ्याकडे ती आली भर दुपारी. एजन्सीत माझं काम कायदेशीर तपासणीचं. क्लायंट घरगुती उपकरणं ऑनलाइन विकणारा. ठळक अक्षरांत ओळ होती, ‘खरेदी करा, सोप्या प्रश्नाचं उत्तर द्या आणि कार जिंका, अगदी मोफत!’ शेजारी लाल घड्याळ उलटं धावत होतं: शेवटचे दोन तास.

मी पान रिफ्रेश केलं. घड्याळ पुन्हा दोन तासांवर. परत केलं, परत दोन तास. म्हणजे मुदत अशी नव्हतीच, माणसाला घाईला आणायची ती सोय होती. ३० नोव्हेंबर २०२३ला अधिसूचित झालेल्या ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला चकवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या युक्त्या, यांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत ज्या तेरा प्रकारांना मनाई आहे, त्यांत ही खोटी घाई आहेच.

मग प्रश्न वाचला. ‘आमच्या लोगोचा रंग कोणता?’ लोगो त्याच जाहिरातीत, वरच्या कोपऱ्यात! बरोबर उत्तर देणाऱ्या सगळ्यांतून सोडत काढायची, असा बेत. इथे मी पेन खाली ठेवलं आणि क्लायंटच्या मार्केटिंग मॅनेजरला फोन लावला. भाग घ्यायला पैसे मोजावे लागतात, विजेता नशिबाने ठरतो आणि हाती बक्षीस पडतं, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ती लॉटरी होते. समोर नावाला एक प्रश्न ठेवला म्हणून ती कौशल्याची स्पर्धा होत नाही. विनापरवाना लॉटरीची नुसती जाहिरात प्रसिद्ध करणं हाही भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७खाली गुन्हा आहे. शिवाय २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या करताना विक्री वाढवण्यासाठी घेतलेल्या स्पर्धा आणि सोडती नाव घेऊन सांगितल्या आहेत.

“मॅडम, सगळेच करतात हो,” तो म्हणाला.

‘मोफत’ या शब्दावर तर आमची बराच वेळ जुंपली. दहा हजारांवरच्या बक्षिसावर ३० टक्के कर कापावा लागतो. बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर तो कर भरल्याची खात्री झाल्याशिवाय ती वस्तू देता येत नाही. आठ लाखांच्या कारवर हे होतात २ लाख ४० हजार. ते कोण भरणार? त्यांच्या अटींप्रमाणे विजेता. ही अट कुठे होती? ‘मोफत’पुढच्या तारकेच्या (*) खुणेवर क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पानावर, फिकट राखाडी अक्षरांत आणि इंग्रजीत. जाहिरात मात्र मराठीत! दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात, की खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा आणि तितक्याच ठसठशीत अक्षरांत. मोठ्या अक्षरांत केलेला खोटा दावा बारीक अक्षरांत दुरुस्त करून घ्यायलाही मुभा नाही. ज्या अटीमुळे माणूस भाग घ्यायचा की नाही हे ठरवेल, ती अट जाहिरातीतच दिसली पाहिजे. यात मी तडजोड करत नाही. शेवटची अट तर ‘पूर्वसूचना न देता बक्षीस बदलण्याचा किंवा स्पर्धा रद्द करण्याचा अधिकार’ अशी होती.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी होणाऱ्या दहा लाखांपर्यंतच्या दंडाचं सांगितलं, तरी तो फारसा हलला नाही. मग मी त्यांचीच आदल्या वर्षीची पोस्ट उघडून स्क्रीन शेअर केला. तेव्हाही अशीच स्पर्धा, बक्षीस फ्रिज. खाली प्रतिक्रियांची रांग. एका बाईंनी लिहिलं होतं, ‘बिल जपून ठेवलंय. निकाल कधी लागणार?’ काही आठवड्यांनी त्यांनीच पुन्हा विचारलं होतं. उत्तर नाही. त्याखाली इतरांचेही तेच प्रश्न, आणि मग कुणीतरी सरळ ‘फसवणूक’ असं लिहून मोकळं झालेलं.

“पण आम्ही फ्रिज दिला! विजेत्याला फोन केला होता,” तो कळवळून म्हणाला. मला ते खरं वाटलं. पण बाकीच्यांना ते कळणार कसं? स्पर्धा संपल्यावर भाग घेणाऱ्यांपासून अंतिम निकाल दडवणं हीदेखील कायद्याने अनुचित प्रथाच. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था एएससीआय, तिची संहिताही सांगते की मुख्य निकाल शक्यतो त्याच माध्यमात जाहीर करा जिथे स्पर्धेची घोषणा केली होती. आमंत्रण चौकात आणि निकाल कानात, हे चालत नाही.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “त्या बाईंना काय उत्तर द्यायचं, ते तुम्हीच लिहून द्या.”

जाहिरात त्या संध्याकाळी गेली नाही. आधी जुन्या स्पर्धेचा निकाल विजेत्याच्या संमतीने त्याच पानावर लागला आणि प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर गेलं. नंतर नवी जाहिरात आली. खरेदीची अट आणि सोडत दोन्ही काढली, त्याऐवजी घोषवाक्य लिहायचं आणि ते बाहेरचे परीक्षक निवडणार. घड्याळ गेलं, खरी शेवटची तारीख आली. कराची रक्कम कंपनीने उचलली, म्हणून ‘मोफत’ हा शब्द मी राहू दिला.

आता स्पर्धेचं ब्रीफ, म्हणजे जाहिरातीसाठी क्लायंटच्या सूचना, आलं की डिझायनरकडे पाठवण्याआधी मी क्लायंटकडून दोन गोष्टी लेखी मागून घेते: परीक्षक कोण, आणि निकाल कोणत्या तारखेला, कुठे लागणार. एका क्लायंटने यावरून काम काढूनही घेतलं. बाकीचे देतात.