युरोपच्या सहलीची आखणी: आधी रात्री मोजा, शहरं नंतर

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून युरोपला निघणारी बरीच कुटुंबं सुरुवात शहरांच्या यादीपासून करतात. पॅरिस हवंच, प्राग सोडायचं नाही, व्हेनिस राहून जायला नको, असं करत दहा दिवसांत सात शहरं होतात. मग प्रवासाचा निम्मा वेळ स्टेशनवर बॅगा सांभाळण्यात जातो. आमचं सांगणं एकच आहे: हाताशी रात्री किती आणि कुठल्या गावात किती झोपायचं, हे आधी कागदावर मांडा. व्हिसा कुठल्या देशाचा, विमान कुठून कुठे, रेल्वेचं तिकीट कोणतं, हे सगळं त्या आकड्यांतूनच निघतं.

मुक्काम हलवला की किमान अर्धा दिवस जातो. सकाळी दहा-अकराच्या सुमाराला खोली सोडायची, स्टेशन गाठायचं, दोन-चार तास प्रवास करायचा आणि पुढची खोली मिळते दुपारी तीननंतर. सहा माणसं, त्यात आजी-आजोबा आणि एखादं लहान मूल असेल तर याहून जास्तच वेळ धरा. म्हणून १२ रात्रींना पाच मुक्काम ही आमच्या मते शेवटची मर्यादा.

उदाहरणादाखल एक मार्ग घेऊ: फ्रँकफर्टला उतरून जर्मनीत रोटेनबुर्ग २ रात्री, रेगेन्सबुर्ग ३, चेकमध्ये प्राग ३, चेस्की क्रुमलोव २, ऑस्ट्रियात व्हिएन्ना २ आणि तिथूनच परत. जायचं एका शहरात, परतायचं दुसऱ्या शहरातून. तिकीट काढताना विमान कंपनीच्या साइटवर ‘मल्टी-सिटी’ निवडा. दोन वेगळी एकेरी तिकिटं काढलीत तर बहुतेकदा महाग पडतात. परत फ्रँकफर्टला यायचा एक अख्खा दिवस यात वाचतो.

मध्ययुगीन गावात दिवसा जाऊन संध्याकाळी परतणं हा सर्वांत मोठा तोटा. रोटेनबुर्गला सकाळी दहा ते पाच बसगाड्यांची गर्दी असते. प्ल्योनलाइनच्या त्या प्रसिद्ध तिठ्यावर फोटोलाही जागा मिळत नाही. पाचनंतर गाव रिकामं होतं. मे अखेरीला तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे चार तास गाव तुमचंच. तटबंदीवर छपराखालून चालत जायची वाट आहे, तिला तिकीट नाही. चढायच्या दगडी पायऱ्या मात्र अरुंद आणि उंच आहेत, गुडघेदुखी असलेल्यांनी खालूनच तटाच्या कडेने फिरावं. ३१ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात गावाचा पूर्वेकडचा मोठा भाग आणि तटाचा काही भाग पडला होता. पुन्हा बांधायला जगभरातून लोकांनी पैसे दिले, त्यांची नावं कोरलेले दगड भिंतीत दिसतात. सेंट याकोब चर्चमध्ये टिलमन रीमेनश्नायडरने १५०० च्या सुमाराला लाकडात कोरलेली वेदी आहे. तिच्यासाठी अर्धा तास वेगळा ठेवा, ती वरच्या मजल्यावर आहे आणि घाईत राहून जाते.

फ्रँकफर्ट विमानतळाला जोडूनच असलेल्या स्टेशनातून लांब पल्ल्याच्या गाड्या सुटतात. व्युर्त्सबुर्गपर्यंत वेगवान आयसीई, तिथून श्टाइनाखपर्यंत साधी गाडी, श्टाइनाखला गाडी बदलून पंधरा मिनिटांत रोटेनबुर्ग. श्टाइनाखला हातात मिनिटं थोडी असतात. सामान जास्त असेल तर ॲपने सुचवलेली पाच-सात मिनिटांची जोडणी न घेता पुढची गाडी धरा. आयसीईचं स्वस्तातलं ‘झूपर-श्पारप्राइस’ किंवा ‘श्पारप्राइस’ तिकीट त्याच गाडीपुरतं चालतं. विमान उशिरा आलं आणि गाडी चुकली तर ते वाया जातं, कारण विमानाचा उशीर रेल्वेच्या खात्यात धरत नाहीत. उतरण्याच्या दिवशी म्हणून महाग असलं तरी कुठल्याही गाडीला चालणारं ‘फ्लेक्सप्राइस’ घ्या, पुढच्या प्रवासांना स्वस्तातलं चालेल. सहा ते चौदा वर्षांची मुलं मोठ्यांबरोबर लांब पल्ल्याच्या गाडीत फुकट जातात, पण तिकीट काढतानाच त्यांची संख्या टाकावी लागते. तिकिटात बसायची जागा येत नाही. ती वेगळी आरक्षित करावी लागते, आणि कुटुंबाने करावीच.

फलाटावर ए, बी, सी अशी अक्षरं टांगलेली असतात. तुमचा डबा कुठल्या अक्षरासमोर येणार हे फलाटावरच्या पडद्यावर दिसतं. गाडी मधल्या स्टेशनवर दोन-तीन मिनिटंच थांबते, त्यामुळे आधीच त्या अक्षराखाली उभं राहायचं. काही गाड्या वाटेत दोन भागांत तुटून वेगवेगळ्या गावांना जातात. चढताना डब्यावरचं शेवटच्या स्टेशनचं नाव वाचल्याशिवाय चढू नका.

रोटेनबुर्गहून रेगेन्सबुर्गला जाताना ‘बायर्न-तिकीट’ घ्या. एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर बायर्न राज्यातल्या साध्या गाड्यांतून फिरता येतं. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर चालू होतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून. आयसीईत चालत नाही. वाटेत न्यूर्नबर्गला उतरून स्टेशनवरच्या लॉकरमध्ये सामान टाकायचं, किल्ला आणि चित्रकार ड्यूररचं घर बघायचं आणि संध्याकाळच्या गाडीने पुढे. या शहराचा जुना भाग युद्धात जवळपास सगळा उद्ध्वस्त झाला आणि पुन्हा उभारला गेला. रेगेन्सबुर्ग मात्र बरंचसं वाचलं, तिथला डॅन्यूबवरचा दगडी पूल बाराव्या शतकातला आहे. म्हणून जुनं गाव बघायचं तर मुक्काम रेगेन्सबुर्गलाच. तिथून प्रागची थेट गाडी आहे, साडेचार तासांच्या आसपास लागतात.

प्रागहून चेस्की क्रुमलोवला रेल्वेपेक्षा बस सोयीची. तीन तासांत पोचते आणि तिचा थांबा जुन्या गावाला जवळ आहे, रेल्वे स्टेशन टेकडीवर लांब पडतं. वाड्याच्या आतल्या दालनांचे फेरफटके सोमवारी बंद असतात, म्हणून दोन रात्रींमधला पूर्ण दिवस सोमवारी येणार नाही असं बघा. क्रुमलोवहून व्हिएन्नाला रेल्वेने जायचं तर गाड्या बदलाव्या लागतात. सहा जणांना दारातून दारात नेणारी व्हॅन आधी ठरवली तर तीन-साडेतीन तासांत पोचता.

आता व्हिसा. युरोपातल्या बऱ्याच देशांना एकत्र चालणारा शेंगेन व्हिसा जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे मागायचा, दिवस सारखे असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्या देशाकडे. वरच्या मार्गात जर्मनीत ५ रात्री, चेकमध्ये ५, ऑस्ट्रियात २. म्हणजे अर्ज जर्मनीकडे. प्रागची एक रात्र वाढवलीत की अर्ज चेककडे जातो. अर्ज केल्यावर रात्री इकडच्या तिकडे करू नका. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. मेच्या सुट्टीसाठी अपॉइंटमेंट लवकर भरतात, तेव्हा जानेवारीतच बघायला लागा. फी मोठ्यांना ९० युरो, सहा वर्षांवरच्या आणि बाराच्या आतल्या मुलांना ४५, सहाच्या आत फुकट. अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचे पैसे वेगळे. विमा किमान ३०,००० युरोचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन पानं कोरी असलेला.

सीमाभागात पहिली शंका पत्त्याची. बेळगावला राहणाऱ्याला पुणं किंवा पणजी जवळ वाटतं, आणि जर्मनीचे शेंगेन अर्ज आता भारतभरातून मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडेच जातात, ते कुठल्याही राज्यातल्या व्हिसा केंद्रात देता येतात. म्हणजे थोरला भाऊ बेळगावात, धाकटा महाराष्ट्रातल्या चंदगडात, तर एकाच सहलीचे अर्ज दोन वेगळ्या केंद्रांत दिले जाऊ शकतात. चालतं, पण दोन्ही फायलींत प्रवासाचा तक्ता शब्दाला शब्द तोच हवा, हॉटेलच्या बुकिंगवर सगळ्यांची नावं हवीत आणि अर्जाच्या पत्रात ‘बाकीचे अमुक जण दुसऱ्या केंद्रातून अर्ज करत आहेत’ हे स्पष्ट लिहायला हवं.

कागदांची भाषा हा दुसरा मुद्दा. जन्मदाखला, लग्नाचा दाखला, जमिनीचा उतारा कन्नडमध्ये असतो, चंदगडकडचा मराठीत. सोबत इंग्रजी भाषांतर जोडा. सुनेच्या पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तर लग्नाचा दाखला लागतोच. मूल आई-वडिलांपैकी एकाबरोबर किंवा आजी-आजोबांबरोबर जाणार असेल तर न येणाऱ्या पालकाचं संमतिपत्र हवं.

पैशाच्या पुराव्यात ऊसवाल्यांचं अडतं. वर्षभर खात्यात थोडके पैसे आणि अर्जाआधी एकदम कारखान्याचं बिल जमा झालेलं दिसलं, की तपासणाऱ्याला वाटतं दाखवण्यापुरते उसने आणलेत. म्हणून त्या जमेसमोर कारखान्याच्या बिलाची प्रत लावा आणि पत्रात दोन ओळींत खुलासा करा. सोसायटी किंवा पतसंस्थेतली ठेव जोडा, पण मुख्य भार बँकेच्या खात्यावरच ठेवा. आयकर विवरण कधी भरलंच नसेल आणि मुलगा पुण्यात किंवा बेंगळूरला नोकरीला असेल, तर खर्च तो करणार असं त्याचं पत्र, त्याच्या पगाराच्या स्लिपा, बँकेचा उतारा आणि नात्याचा पुरावा लावणं जास्त भक्कम.

सुट्ट्यांचंही गणित आहे. कर्नाटकातल्या शाळा एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत बंद असतात, महाराष्ट्रातल्या मेपासून जूनच्या मध्यापर्यंत. दोन्हीकडची भावंडं बरोबर न्यायची तर मे महिनाच उरतो. तिकडे १ मेला जर्मनी-ऑस्ट्रियात दुकानं बंद, ८ मेला चेकमधली मोठी दुकानं बंद, आणि जर्मनी-ऑस्ट्रियात ख्रिस्ती सणांच्या सुट्ट्यांपैकी असेन्शनचा गुरुवार बहुधा मेमध्ये येतो, पेंटेकॉस्टचा सोमवार मेमध्ये नाहीतर जूनमध्ये. रविवारी तर जर्मनी-ऑस्ट्रियात किराणा दुकानं बंदच. मोठ्या स्टेशनांतली उघडी असतात. शनिवारी दुपारीच दूध, ब्रेड, भाजी घेऊन ठेवा.

शाकाहारी कुटुंबाला स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेणं बरं. जुन्या गावातल्या घरांना बहुतेकदा लिफ्ट नसते, आणि तिकडचा ‘पहिला मजला’ म्हणजे एक जिना वर. बुकिंग करताना लिफ्टबद्दल लेखी विचारा. लाकडी वासे आणि धुराचा अलार्म असलेल्या घरात कढत तेलाची फोडणी नको, अलार्म वाजून अख्खी इमारत बाहेर येते. शेंगदाण्याची, कारळ्याची चटणी, मेतकूट, पोहे, डाळ-तांदूळ नेता येतात. दूध-मांसाचे पदार्थ मात्र भारतातून युरोपीय संघात नेता येत नाहीत, म्हणजे कुंदा, पेढे, तूप घरीच ठेवा, तिकडच्या पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी. हापूसही नाही. ताज्या फळांना रोगमुक्ततेचा सरकारी दाखला लागतो, सूट आहे ती केळी, नारळ, अननस, खजूर अशा मोजक्या फळांना. कढीपत्त्याची जुडीसुद्धा पिशवीत राहू देऊ नका.

बॅगा माणशी एक, मोठ्या चाकांच्या. दगडी फरसबंदीत लहान चाकं अडकतात आणि तुटतात. प्रागमध्ये कागदी मेट्रो-ट्रामचं तिकीट घेतल्यावर पिवळ्या मशिनमध्ये शिक्का मारायचा, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. तिथे कार्ड वापरताना मशीन ‘कोरुना की रुपये’ विचारतं, कायम कोरुना म्हणजे चेकचं चलनच निवडा, रुपये निवडलेत तर त्यांच्या दराने जास्त कापतात.

राहिला बेंगळूरपर्यंतचा प्रवास. फ्रँकफर्टचं थेट विमान बेंगळूरहून उत्तररात्री सुटतं. बेळगावहून पहाटे सुटणारी वंदे भारत दुपारी बेंगळूरला पोचवते, हाताशी निवांत वेळ राहतो. ती आठवड्यातून एक दिवस नसते, तारीख आधी तपासा. आदल्या रात्रीची राणी चेन्नम्मा एक्सप्रेस हा दुसरा पर्याय. सांबऱ्याच्या बेळगाव विमानतळावरून विमानाने जाणार असाल आणि ते तिकीट वेगळं काढलेलं असेल, तर बेंगळूरला बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं आणि पहिलं विमान रद्द झालं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. म्हणून सांबऱ्याचं दिवसातलं शेवटचं विमान कधी धरू नका.