तुम्ही विचारलंत म्हणून: ढोलाला वळतंय, मग बेरा खोटी का?

"मॅडम, बेरात कायच आलं नाही म्हणताय. पण आरेवाडीला बिरोबाच्या जत्रंत ढोल घुमला की पोरगं मान वळवतंय. मग तपासणी खोटी म्हणायची का?"

बेरा म्हणजे कानात आवाज देऊन ऐकण्याच्या नसेतून आणि मेंदूतून उठणाऱ्या लहरी टिपणारी तपासणी. सांगलीत कान तपासायला बसल्यापासून हा प्रश्न मी किती वेळा ऐकला, मोजलं नाही. विचारणारी बहुतेकदा आजी असते. आई रिपोर्ट धरून गप्प असते.

आजी, तपासणी खोटी नाही, अपुरी आहे. नेहमीच्या बेरात कानात क्लिक देतात, सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढी टिचकी. तिला ठळक प्रतिसाद मिळतो तो मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झच्या भागातून (हर्ट्झ हे आवाजाच्या पट्टीचं माप; आकडा मोठा तितका आवाज बारीक, लहान तितका जाडा). ढोलाचा घुमारा त्याच्या कितीतरी खाली. त्या बाजूचा अंदाज घ्यायचा तर ५०० हर्ट्झचा टोन बर्स्ट, म्हणजे त्या एकाच पट्टीचा छोटासा सूर, द्यावा लागतो, आणि तो वेळखाऊ म्हणून बरेचदा राहून जातो.

वेळखाऊ का, तर आतला कान गोगलगाईच्या शंखासारखा. बारीक आवाजाची जागा दाराशी, जाड्या आवाजाची पार टोकाला. तिथवर लाट पोहोचायला वेळ लागतो, शिवाय तिथले मज्जातंतू एका ठेक्यात उठत नाहीत. प्रतिसाद आला का हे आम्ही पाचव्या लहरीवरून ठरवतो. क्लिकची ही लहर टोकदार दिसते, ५०० ची पालथ्या परातीसारखी पसरट, आणि आवाज हळू असला की बारा मिलिसेकंदांच्याही पुढे येते.

इथे माझी एक चूक सांगते. नवी असताना क्लिकसाठी ठेवलेली १० मिलिसेकंदांची खिडकी, म्हणजे आवाज दिल्यावर नोंद घ्यायचा वेळ, न बदलता मी ५०० लावला आणि "प्रतिसाद नाही" लिहून मोकळी झाले. लहर यायच्या आधीच माझी स्क्रीन संपत होती! त्या बाळाला परत बोलावताना फोन हातात जड झाला होता. आता खिडकी २५ ची आणि नको त्या लहरी गाळणारा फिल्टर ३० हर्ट्झपर्यंत खाली. फिल्टर खाली नेला की बाळाची जराशी चुळबुळसुद्धा नोंदीत घुसते, म्हणून गाढ झोप हवी. जतहून येणारी बाळं एसटीत मस्त झोपतात आणि आमच्या दारात टक्क जागी होतात.

रिपोर्टवर ५०० समोर ३५ डेसिबल दिसलं तर घाबरू नका. चांगल्या कानातही ही लहर साधारण तिथपर्यंतच सापडते. खरा आकडा काढताना त्यातून १५-२० डेसिबल वजा करतात.

पण आजी, ढोल हा पुरावा नव्हे. तो छातीत घुमतो, जमिनीतून पायात येतो, आणि सगळे वळले की पोरगंही वळतं. तरी तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. खालचं ऐकणं खरंच शाबूत असेल, तर 'आ', 'ऊ', 'म' त्याला मिळत असतील आणि 'स', 'श' निसटत असतील. हे न बघता कानाचं मशीन सगळीकडे सारखंच वाढवलं, तर जाडे आवाज अंगावर येतात. मग पोरगं ते उपटून फेकतं आणि आपण म्हणतो, हट्टी आहे.

"मग परत करायची का?"

हो, ५०० ची राहिलीय. मंगळवारी या. आणि एसटीत त्याला झोपू देऊ नका.